जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनसवर किंवा किमान वेतनावर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. मी आज जास्वंदीवर पडणाऱ्या किडीविषयी बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने मला विचारले, "काय हो, आता किड्यांची युनियन काढता की काय?" मी म्हटले, "त्यांची आधीपासूनच आहे. मुंगी त्यांची सेक्रेटरी आहे." उत्तर थट्टेचे होते, पण त्यात बरेचसे शास्त्रही आहे. ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. मी वनस्पतिशास्त्राचा पदवीधर नव्हे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण रात्रशाळेत, सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. तेव्हा कीटकांच्या अभ्यासाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. एका तक्रारीचा पाठपुरावा करताना मला तिकडे वळणे भाग पडले. ती हकीकत आधी सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र सरत आला होता. एका मोठ्या आस्थापनेच्या आवारात फाटकापासून कचेरीपर्यंत लाल जास्वंदीची दुतर्फा रांग होती. पाहुण्यांची मोटार तिच्यामधून जाई. त्या वर्षी त्या झुडपांच्या शेंड्यांवर कापसासारखे पांढरे काहीतरी दिसू लागले. पाने आक्रसली, कळ्या गळू लागल्या आणि खालची पाने काजळी धरल्यासारखी काळी पडली. साहेबांनी कंत्राटदाराला सांगितले, कंत्राटदाराने मुकादमाला सांगितले आणि मुकादमाने एकवीस-बावीस वर्षांच्या एका पोराच्या पाठीवर पंप दिला. भर दुपारची वेळ. पायात स्लीपर, हातात मोजे नाहीत, तोंडाला रुमाल. औषध किती घालायचे, तर "जरा जास्तच घाल, कीड जबर आहे." चार वाजता तो पोरगा झाडाखाली बसला. तोंडाला लाळ सुटली, अंग घामाने निथळले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या.

आम्ही त्याला रिक्षात घालून इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध मारीत होता?" याचे उत्तर कोणापाशीही नव्हते. कारण औषध मूळ डब्यातून काढून सरबताच्या एका रिकाम्या बाटलीत भरून ठेवले होते. डॉक्टर अनुभवी, त्यांनी लक्षणांवरून ओळखले आणि उपचार सुरू केले. पोरगा वाचला. तीन आठवड्यांनी तो कामावर परत आला तेव्हा जास्वंदीवर पांढरा कापूसही परत आला होता, आणि तो पूर्वीपेक्षा दाट होता.

आम्ही मागण्यांची यादी दिली. हातमोजे, मास्क, साबण-पाणी, दुपारची फवारणी बंद, औषध मूळ डब्यातच, इत्यादी. वाटाघाटीत समोरच्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "तुमचे सगळे मान्य. फवारायचे नाही म्हणता, तर मग ही कीड मारायची कशी, तेही सांगा." मला उत्तर देता आले नाही. वाटाघाटीच्या टेबलावर निरुत्तर होणे आमच्या धंद्यात फार वाईट. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचनालय गाठले. आज आपल्यापुढे जे मांडतो आहे त्याची सुरुवात त्या पंधरा दिवसांत झाली.

जास्वंद आणि तिचे नातेवाईक

जास्वंद आपल्या इतकी घरातली आहे की तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. गणपतीला लाल फूल हवे, केसांच्या तेलात पाने-फुले हवीत, चाळीच्या कोपऱ्यात डब्यात लावली तरी ती जगते. कुळाने ती कापूस, भेंडी आणि अंबाडी यांची बहीण. हे नाते ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण किडीही नाते पाहून येतात. कापसावर पडणारा मावा, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण जास्वंदीवरही सुखाने नांदतात. म्हणजे आपल्या अंगणातल्या झुडपाचा प्रश्न आणि विदर्भातल्या कापूस पिकविणाऱ्याचा प्रश्न मुळात एकच आहे. फरक एवढाच की आपले एक फूल जाते आणि त्याचे वर्ष जाते.

आधी रोग ओळखा

झाड आजारी दिसले की औषधाच्या दुकानाकडे धाव घ्यायची, ही आपली सवय. पण तापाचे कारण न पाहता गोळी देणारा वैद्य आणि पान न उलटता फवारणारा माळी, दोघेही सारखेच. जास्वंदीची कीड पाहायची तर पानाची वरची बाजू फारसे सांगत नाही. पान उलटे करावे, कोवळा शेंडा बोटांनी उघडावा, खोडाचा आणि फांदीचा सांधा पाहावा. दहा पट मोठे दिसणारे साधे भिंग असेल तर उत्तमच.

कोवळ्या शेंड्यावर हिरवे किंवा काळसर, मऊ, नाशपातीच्या आकाराचे बारीक जीव दाटीने बसलेले असतील तर तो मावा. झाड हलविताच पांढरी धूळ उडाल्यासारखी होऊन पुन्हा पानांखाली बसत असेल तर ती पांढरी माशी. फांदीला तपकिरी किंवा करड्या पुटकुळ्या चिकटलेल्या असतील आणि नखाने खरवडल्यावर सुटत असतील तर ती खवले कीड. पान फिकट ठिपक्यांनी भरून धुरकट दिसत असेल आणि खाली अगदी बारीक जाळी असेल, तर लाल कोळी. हा कोळी कीटकच नव्हे, त्याला आठ पाय असतात. त्यामुळे कीटकांची पुष्कळ औषधे त्याला लागू पडत नाहीत, उलट त्याला खाणारे जीव मेल्यामुळे तो वाढतो. कळ्या उमलण्याआधीच गळत असतील तर एक कळी किंवा फूल पांढऱ्या कागदावर झटकावे. सुईच्या टोकाएवढे लांबट जीव पळताना दिसले तर ते फुलकिडे. काहीच दिसले नाही तर पाणी तपासावे. कुंडी कधी कोरडीठाक तर कधी तुडुंब, असे झाले तरी जास्वंद कळ्या टाकते. त्याला औषध नाही, नियमितपणा हेच औषध.

आणि पानांच्या बेचक्यात, शेंड्यावर, कळीच्या देठाशी पांढरा, पिठूळ, कापसासारखा थर असेल तर तो पिठ्या ढेकूण. पुष्कळ लोक त्याला 'बुरशी' म्हणतात आणि बुरशीनाशक आणून मारतात. पैसे जातात, ढेकूण राहतो. खात्री करायची असेल तर काडीने तो कापूस हलवावा. आत चपटे, लंबगोल, सावकाश सरकणारे जीव दिसतील.

हा पिठ्या कोण?

पिठ्याच्या एकाहून अधिक जाती जास्वंदीवर येतात. एक गुलाबी पिठ्या. वरचे पीठ पुसले की अंग गुलाबी दिसते. हा रस शोषताना झाडात विषारी लाळ सोडतो. म्हणून शेंड्याची पाने आखडून त्यांचा गुच्छ बनतो, कोबीच्या गड्ड्यासारखा. दुसरा कापसावरचा पिठ्या. त्याच्या पाठीवर पिठातून काळसर खुणा दिसतात. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने भारतातल्या कापसावर मोठाच धुमाकूळ घातला. तो शेताच्या बांधावरच्या गाजरगवतावर, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो त्यावर, मजेत तग धरून राहतो. तिसरा पपईवरचा पिठ्या. त्याचे अंग पिवळे.

तिघांचीही राहणी साधारण सारखी. मादीला पंख नसतात. ती एका जागी सोंड रुतवून बसते आणि बहुधा कापसासारख्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते. पपईचा किंवा गुलाबी पिठ्या असेल तर ती पांढरी पिशवी स्पष्टच दिसते. त्यातून निघणारी पिले उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. हीच पिले चालतात, वाऱ्याने उडतात, माळ्याच्या बाहीला, कात्रीला, पक्ष्याच्या पायाला चिकटून दुसऱ्या झाडावर जातात. त्यांच्या अंगावर अजून मेणाचा थर चढलेला नसतो. पुढे तो चढतो. नर निराळाच. त्याला पंखांची एक जोडी असते, पण तोंड नसते. दोन-चार दिवस जगून तो संपतो. उन्हाळ्यात एक पिढी महिन्याभरात पुरी होते. म्हणूनच फाल्गुनात एका फांदीवर दिसलेली कीड ज्येष्ठापर्यंत सगळ्या कुंपणावर पसरते.

आता मुंगीकडे येऊ. झाडाचा रस हे पातळ, गोड पाणी. त्यातले पोषक द्रव्य मिळविण्यासाठी पिठ्याला पुष्कळ रस प्यावा लागतो आणि जादा साखर तो मागून चिकट थेंबांच्या रूपाने टाकतो. हे थेंब खालच्या पानांवर पडतात, त्यांवर काळी बुरशी वाढते, तीच ती काजळी. मुंग्यांना हे थेंब फार आवडतात. त्या बदल्यात त्या पिठ्याच्या शत्रूंना हुसकावून लावतात. कापसावरच्या त्या पिठ्याची शास्त्रज्ञांना पहिली ओळख १८९८ साली अमेरिकेत झाली, तीही मुंग्यांच्या वारुळात. त्याच्या शास्त्रीय नावात त्या मुंगीचे नाव आजही आहे.

मला हे पुस्तकाआधी एका म्हाताऱ्या माळीबुवांनी सांगितले होते. मी भिंग घेऊन पाने उलटीत बसलो होतो. ते जवळ आले आणि म्हणाले, "भाऊ, पान मागनं बघा. आधी खोडावर मुंग्या चढतात का बघा. मुंगी चढली म्हंजे वर दूधदुभतं हाय." या एका वाक्यात जितके ज्ञान होते तितके मला नंतर चाळलेल्या दोन जाड ग्रंथांतही मिळाले नाही.

विष का हरते?

जालीम औषध मारूनही कीड परत का येते, याची तीन कारणे आहेत. पहिले, मेण. पाण्यात कालवलेले औषध मेणावरून ओघळून जाते. दुसरे, जागा. पिठ्या आखडलेल्या पानाच्या आत, सालीच्या भेगेत, कधी मुळाशी लपतो आणि अंडी पिशवीत सुरक्षित असतात. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. औषध पिठ्यापर्यंत पोचत नाही, पण उघड्यावर हिंडणाऱ्या त्याच्या शत्रूंपर्यंत लगेच पोचते.

हे शत्रू कोण? एक ढालकिडा आहे, काळ्या पाठीचा, तांबूस डोक्याचा, मसुराच्या दाण्याहून थोडा लहान. क्रिप्टोलीमस हे त्याचे नाव. मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९१-९२ साली आल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञाने तो संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी कॅलिफोर्नियात नेला. १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी तो हिंदुस्थानात आणला गेला आणि येथे पिठ्यावर त्याने चांगला जम बसविला. गंमत अशी, की या किड्याची अळी अगदी पिठ्यासारखीच दिसते. तीही पांढरी, मेणाच्या झालरी असलेली. आपण तिलाच मोठा पिठ्या समजून चिरडतो! ओळखण्याची खूण सोपी आहे. अळी पिठ्याहून मोठी, तिच्या अंगावरचे मेणाचे तंतू लांब, आणि डिवचली तर ती तुरुतुरु चालते. पिठ्या बहुधा जागचा हलत नाही. मी स्वतः पहिल्या आठवड्यात अशा किती अळ्या मारल्या असतील, देव जाणे. शत्रू समजून आपलीच माणसे कापण्याचा प्रकार चळवळींतही होतो. असो.

दुसरे शत्रू म्हणजे अत्यंत बारीक गांधीलमाश्या. त्या माणसाला चावत नाहीत. पिठ्याच्या अंगात अंडी घालतात आणि त्यांचे पिलू पिठ्याला आतून खाऊन टाकते. कोरडा, फुगीर, तपकिरी झालेला आणि एका टोकाला गोल भोक पडलेला पिठ्या दिसला, तर समजावे की गांधीलमाशीने आपले काम केले आहे. अशी फांदी तोडू नये.

या बारीक माश्यांचे सामर्थ्य केवढे, याची दोन उदाहरणे देतो. १९९४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या पोचला. हा मूळचा आशियाकडचा. तेथे त्याला खाणारे कोणी नव्हते. जास्वंदीची कुंपणे उजाड झाली, कोकोच्या आणि फळांच्या झाडांना धक्का बसला. फवारणी झाली, तोडून जाळणे झाले, उपयोग होईना. अखेर आशियातून तिकडे छोट्या गांधीलमाश्या नेऊन सोडल्या, क्रिप्टोलीमसही सोडला, आणि काही वर्षांत कीड पार ओसरली. दुसरे उदाहरण आपल्या देशातले. २००८ साली कोइमतूरकडे मेक्सिको बाजूचा पपईवरचा पिठ्या दिसला. तो पपई, तुती, जास्वंद, सगळ्यांवर पसरला, महाराष्ट्रातही आला. शेतकऱ्यांनी औषधांवर पैसा ओतला. २०१० साली प्युएर्टो रिकोहून त्याच्या शत्रू गांधीलमाश्या आणल्या, बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेत वाढविल्या आणि राज्याराज्यांना वाटल्या. वर्षा-दोन वर्षांत तो पिठ्या आटोक्यात आला. जे पंपाने झाले नाही ते टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान प्राण्याने केले.

उपचार

आता घरच्या जास्वंदीचा उपचार क्रमाने सांगतो. क्रम बदलू नये.

पहिले काम मुंग्यांची वाट बंद करणे. खोडाला रुंद चिकटपट्टी किंवा मेणकापड गुंडाळावे आणि त्यावर घट्ट ग्रीस लावावे. ग्रीस थेट सालीवर लावू नये, साल खराब होते. झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा दुसऱ्या झुडपाला टेकत असेल तर ती छाटावी, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात. कुंडी असेल तर ती पाण्याच्या ताटलीत उंचवट्यावर ठेवता येते, मात्र ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी ओतावे. पिठ्याला अडविण्याच्या नादात डेंग्यूचा डास पोसू नये.

दुसरे काम छाटणी. गुच्छ झालेले शेंडे कात्रीने कापावेत, पण कापण्याआधी खाली पिशवी धरावी. कापलेले शेंडे बागेतून ओढीत नेले तर पिले वाटभर सांडतात. ते साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवावेत, मग टाकावेत. कात्री स्पिरिटने पुसावी.

तिसरे काम धुणे. नळीला बोट लावून पाण्याचा जोरदार फवारा पानांखालून मारावा. मावा आणि लाल कोळी यांना पुष्कळदा एवढेच पुरते. पिठ्या थोडा असेल तर जुन्या दातांच्या ब्रशाने खरवडावा, किंवा काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये भिजवून एकेकाला टिपावे. मेण विरघळते, कीड मरते. कुंडीतल्या दोन-तीन झाडांना याहून चांगला उपाय नाही.

चौथे, साबण आणि कडुनिंब. एक लिटर कोमट पाण्यात मऊ द्रवरूप साबण चमचाभर, म्हणजे ५ मिलीलिटर. किंवा एक लिटर पाण्यात कडुनिंबाचे तेल ५ मिलीलिटर आणि ते पाण्यात मिसळण्यापुरता साबण १ ते २ मिलीलिटर. कपडे धुण्याची कडक पावडर वापरू नये, पाने करपतात. निंबोळ्या मिळत असतील तर ५० ग्रॅम निंबोळ्यांची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळावी आणि त्यात थोडा साबण घालावा. यालाच पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क म्हणतात. पहिल्या दिवशी दोन-चार पानांवर मारून पाहावे. दुसऱ्या दिवशी पाने ठीक असतील तर सर्व झाडावर मारावे. वेळ संध्याकाळची. पानांच्या खालून, शेंडे उघडून, झाड निथळेपर्यंत.

पाचवे, पुन्हा करणे. साबण अंगाला लागलेला किडा मारतो, पिशवीतली अंडी मारीत नाही. ती आठवड्याभरात फुटतात. म्हणून दर सात-आठ दिवसांनी, निदान तीन वेळा हे करावे. एकदा फवारून "काही उपयोग नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात. संप पहिल्या दिवशी यशस्वी होत नाही, हे त्यांना मी सांगतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

रोपवाटिकेतून आणलेले नवे झाड लगेच जुन्यांच्या ओळीत ठेवू नये. दोन-तीन आठवडे दूर ठेवून तपासावे. पिठ्या आपल्या घरी बहुधा याच रस्त्याने येतो. युरियाचा मारा करू नये, त्याने फोफावलेली रसाळ पालवी किडीला आमंत्रण देते. कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत झाडाला सावकाश पोसते. झाडांत अंतर ठेवावे, मधल्या फांद्या विरळ करून उजेड-वारा खेळू द्यावा. कुंपणालगतचे गाजरगवत फुलण्याआधी उपटावे. आठवड्यातून एकदा, समजा रविवारी सकाळी, दहा पाने उलटून पाहावीत. पहिल्या दहा किड्यांना कापसाचा बोळा पुरतो, हजारांना पंपही पुरत नाही. आत्ताचे दिवस तर विशेष जपण्याचे. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या उन्हात ही कीड चढते, पावसाच्या सरींनी ती पुष्कळ धुऊन निघते. मोठी छाटणी पावसाच्या तोंडावर करावी, म्हणजे नवी फूट निरोगी येते.

विष घ्यावेच लागले तर

एवढे करूनही कधी रासायनिक औषधाशिवाय गत्यंतर नाही असे वाटेल. तेव्हा काही गोष्टी विसरू नयेत. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे त्याखालचे नियम यांप्रमाणे प्रत्येक डब्यावर माहिती आणि चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति जहाल, त्यानंतर पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. दारातल्या जास्वंदीसाठी लाल-पिवळ्या त्रिकोणाचा डबा घरात आणण्याचे काही कारण नाही. मातीत घालायची काही औषधे मुळांतून सर्व झाडात भिनतात, फुलातल्या मधातही उतरतात. त्याच फुलात शिंजीर चोच घालतो, तेच फूल आपण देवाला वाहतो आणि तीच पाने तेलात उकळून लेकीबाळींच्या डोक्याला लावतो. औषध मारलेल्या झाडाची पाने-फुले घरात वापरू नयेत.

मारणाऱ्याने हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, दुपारी फवारू नये, मध्ये तंबाखू-बिडी घेऊ नये, काम संपताच साबणाने अंग धुवावे. औषध मूळ डब्यातच ठेवावे. चक्कर, लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर त्या माणसाला लगेच इस्पितळात न्यावे आणि बरोबर तो डबा न्यावा.

ही नुसती सावधगिरीची भाषा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले. पीक डोक्याएवढे वाढलेले, औषधांची सरमिसळ केलेली, अंगावर संरक्षण नाही. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने पंप मारणारेही होते. ती बातमी वाचताना मला त्या आवारातले झाड आणि त्याखाली बसलेला पोरगा दिसला. कापूस आणि जास्वंद बहिणी आहेत हे मी मघाशी म्हटले, ते याचसाठी.

शेवट

पंधरा दिवसांनी मी वाटाघाटीच्या टेबलावर परत गेलो. रस्त्याच्या डाव्या बाजूची रांग आमच्या पद्धतीने आणि उजवी त्यांच्या पद्धतीने राखायची, असे ठरले. खरे सांगायचे तर पहिला महिना आमची रांगच जास्त वाईट दिसत होती. अधिकारी हसत होते आणि मला रात्री झोप नव्हती. मुंग्या थांबल्या, छाटणी झाली, तिसऱ्या धुण्यानंतर काजळी निवळू लागली. मग एका सकाळी माळीबुवांनी मला एक फांदी दाखविली. तिच्यावर तांबड्या डोक्याचे ते काळे ढालकिडे फिरत होते. आम्ही ते आणले नव्हते, तेच आले होते. श्रावणात डाव्या बाजूला फुले होती. उजव्या बाजूला पिठ्या होता आणि पाचवी फवारणी चालू होती. करारात आमची कलमे आली, त्यात "औषध मूळ डब्यातच ठेवावे" हे एक साधे कलमही होते.

तो पोरगा आता चाळिशीचा झाला आहे. तो अजून बागकामच करतो. औषधाचा वास आला की त्याला आजही मळमळते, म्हणून पंपाला तो हात लावीत नाही. पण कात्री त्याच्याइतकी सफाईने चालविणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळी महिन्याने येत असेल किंवा इमारतीने कोणाला तरी लावलेले असेल. उद्या सकाळी जास्वंदीचे पान उलटून पाहा. आणि तो माणूस आला म्हणजे त्याला एवढेच विचारा, "बाबा रे, तुझ्या त्या बाटलीत काय आहे?" त्याला सांगता आले नाही तर ती बाटली बाजूला ठेवा, एक चमचा साबण घ्या आणि दोघे मिळून कामाला लागा.